‘स्वतंत्र कृतीचा हेतू नाही’: रिचमंड, १८८८

एका स्त्री-संघटनेने स्वतःच्या घटनेच्या पहिल्याच वाक्यात आपल्याला स्वतंत्रपणे काही करायचे नाही असे लिहून दिले. वरवर पाहता ही शरणागती वाटते. पण ज्या भगिनी-संघटनांनी त्याच काळात स्वतंत्र तिजोरी आणि स्वतंत्र बोर्ड उभे केले, त्यांतल्या बऱ्याच पुढे पुरुषांच्या बोर्डांत विरून गेल्या. ही मात्र अजून आपल्या नावाने, आपल्याच निवडलेल्या पदाधिकाऱ्यांसह चालू आहे. अमेरिकेतल्या दक्षिणी बाप्टिस्ट (बाप्टिस्ट हा एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) स्त्रियांच्या ‘वुमन्स मिशनरी युनियन’चे हे प्रकरण आहे. भर १८८५ ते १८८९ या काळावर आहे आणि १९०६ चा पेच त्याला जोडून घेतला आहे. सार्वजनिक नोंदीत असलेल्या व्यक्तींचीच नावे दिली आहेत.

पार्श्वभूमी

सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन, म्हणजे दक्षिणेतल्या बाप्टिस्टांचा महासंघ (त्याच्या अधिवेशनालाही कन्व्हेन्शनच म्हणत), १८४५ साली जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथे स्थापन झाले. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून नेमावे की नाही, यावरून उत्तरेतल्या बाप्टिस्टांशी फाटले आणि दक्षिणेने वेगळी चूल मांडली. या प्रकरणातल्या स्त्रिया त्याच गोऱ्या दक्षिणी मंडळींमधल्या होत्या, हे आधीच सांगितलेले बरे.

बाप्टिस्टांमध्ये बिशप नसतो. प्रत्येक स्थानिक मंडळी, म्हणजे एकेका चर्चचा सभासदवर्ग, स्वायत्त असते. कन्व्हेन्शन कोणाला हुकूम देऊ शकत नाही, फक्त आवाहन करू शकते. त्यामुळे मिशनकार्याचा सगळा डोलारा स्वेच्छेने दिलेल्या पैशावर उभा होता. काम दोन बोर्डांकडे होते: परदेशासाठी व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडचे फॉरेन मिशन बोर्ड आणि देशांतर्गत कामासाठी होम मिशन बोर्ड, ज्याचे कार्यालय १८८२ पासून अटलांटाला होते. अधिवेशनातले प्रतिनिधित्वही दिलेल्या पैशाशी जोडलेले होते. पैसा जास्त, तर प्रतिनिधी जास्त. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

स्त्रियांच्या कामाचे मूळ बाल्टिमोरमध्ये सापडते. अ‍ॅन ग्रेव्हज यांचा मुलगा रोझवेल चीनमध्ये कॅन्टनला मिशनरी होता. तिथल्या घरांतल्या स्त्रियांपर्यंत पुरुष मिशनरी पोचू शकत नाही, त्यासाठी घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या तिथल्याच ‘बायबल स्त्रिया’ हव्यात, ही अडचण मुलाच्या कामामुळे आईला घरबसल्या कळत होती. १८६८ साली कन्व्हेन्शन बाल्टिमोरला भरले तेव्हा त्यांनी आलेल्या स्त्रियांची वेगळी बैठक घेतली. १८७१ मध्ये ‘वुमन्स मिशन टू वुमन’ ही संस्था निघाली. तिचे मुख्य हत्यार म्हणजे घरोघर ठेवायची छोटी दानपेटी. इंग्रजीत तिला ‘माइट बॉक्स’ म्हणतात. शुभवर्तमानातल्या दरिद्री विधवेने टाकलेल्या दोन टोल्या म्हणजेच ते ‘माइट’. आठवड्याला दोन-चार सेंट टाकायचे, ठरावीक दिवशी पेटी उघडायची. पैसाफंडाची कल्पना ज्याला ठाऊक आहे त्या मराठी वाचकाला यातले गणित वेगळे समजावून सांगायला नको.

१८७२ साली फॉरेन मिशन बोर्डाने एडमोनिया मून यांना चीनसाठी नेमले. पुढच्या वर्षी त्यांची मोठी बहीण लॉटी मून गेल्या. बोर्डाचे सचिव हेन्री टपर यांनी राज्याराज्यांत स्त्रियांच्या ‘मध्यवर्ती समित्या’ निघाव्यात म्हणून प्रोत्साहन दिले. साउथ कॅरोलायनात १८७५ साली अशी समिती निघाली आणि मार्था मॅकिंटॉश यांनी ती नेटाने चालवली. सगळीकडे असे सुरळीत झाले नाही. नॉर्थ कॅरोलायनात १८७७ ला सुरू झालेली समिती विरोधामुळे लगेच बंद पडली, आणि १८८६ मध्ये ती पुन्हा उभी राहिली तेव्हा फॅनी हेक ही ऐन विशीतली तरुणी तिची अध्यक्ष झाली.

अडचण

१८८५ च्या ऑगस्टा अधिवेशनात आर्कान्सा राज्याच्या प्रतिनिधींच्या यादीत दोन स्त्रियांची नावे होती: मेरी ईगल आणि मार्गारेटा अर्ली. हरकत निघाली. घटनेत ‘सभासद’ असा शब्द होता आणि त्यात स्त्रिया येतात की नाही, यावर बराच खल झाला. शेवटी दोघींनी आपली नावे मागे घेतली आणि कन्व्हेन्शनने ‘सभासद’च्या जागी ‘बंधू’ हा शब्द घातला. एका शब्दाच्या बदलाने दार बंद झाले, आणि ते पुढची ३३ वर्षे तसेच राहिले.

याचा हिशेबी अर्थ असा की प्रतिनिधींची संख्या ठरवताना स्त्रियांनी जमवलेला पैसा मोजला जाणार होता, पण त्या जागांवर बसणार फक्त पुरुष.

स्त्रियांच्या समित्यांपुढे रोजच्या कामातल्या आणखी तीन अडचणी होत्या, आणि खरे तर त्याच जास्त जाचक होत्या.

पहिली अडचण नोंदीची. एखाद्या गावातल्या स्त्री-सभेने १२ डॉलर जमवून मंडळीच्या खजिनदाराकडे दिले, की तो ते मंडळीच्या एकूण रकमेत मिसळून पुढे पाठवायचा. बोर्डाच्या वहीत नाव मंडळीचे लागायचे. स्त्रियांनी किती दिले हे कोणालाच सांगता येत नसे, अगदी स्त्रियांनाही नाही. मोजता न येणारे काम वाढवताही येत नाही.

दुसरी माहितीची. मिशनरींची पत्रे बोर्डाच्या मासिकात छापून येत, पण खेड्यातल्या पंधरा बायकांच्या सभेत वाचता येईल असे सुटसुटीत साहित्य नव्हते. महिन्याच्या सभेत गाणे झाले, प्रार्थना झाली, पुढे काय? अशा सभा वर्षभरात थंड पडत.

तिसरी संशयाची. पाळकांना आणि वजनदार पुरुष सभासदांना तीन भीती होत्या. स्त्रिया स्त्री-पुरुषांच्या एकत्र सभेत बोलू लागतील, ही पहिली. ही मताधिकाराच्या चळवळीची मागच्या दाराने एंट्री आहे, ही दुसरी. आणि पैसा बोर्डाकडे न जाता स्त्रियांच्या स्वतंत्र खात्यात जाईल, ही तिसरी. पहिल्या दोन भीती तोंडाने बोलल्या जात. तिसरी कमी बोलली जाई, पण खरे वजन तिचेच होते.

समोर असलेले पर्याय

राज्यपातळीवरच राहणे हा सर्वांत सोपा पर्याय होता. कोणाला दुखवायचे नाही. पण मग प्रत्येक समिती आपापल्या राज्यातल्या पुरुषांच्या मर्जीवर, आणि नॉर्थ कॅरोलायनाचे १८७७ चे उदाहरण ताजे होते.

दुसरा पर्याय बोर्डाच्या छत्राखाली जाण्याचा. बोर्डांनीच एखादी कर्तबगार स्त्री पर्यवेक्षक नेमावी, असा विचार कन्व्हेन्शनमध्ये निघाला होता. यात पगार, कार्यालय, टपालखर्च सगळे मिळाले असते, पण नेमणूक आणि बडतर्फी दोन्ही बोर्डाच्या हाती. ही बाई स्त्रियांना उत्तरदायी राहिली नसती.

तिसरा, स्वतःचे स्वतंत्र बोर्ड काढण्याचा. याचे नमुने डोळ्यांसमोर होते. उत्तरेतल्या मेथडिस्ट (हाही एक प्रोटेस्टंट पंथ) स्त्रियांनी १८६९ साली बोस्टनला आपली परदेशी मिशन संस्था काढून इझाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन यांना भारतात पाठवले होते. दक्षिणेतल्या मेथडिस्ट स्त्रियांची संस्था १८७८ ची. शिकागोच्या बाप्टिस्ट स्त्रियांनी १८७७ साली देशांतर्गत कामासाठी आपली संस्था उभी केली होती. स्वतःची तिजोरी, आपल्या मिशनरी स्त्रिया आपणच निवडायच्या. आकर्षक होते. पण दक्षिणी बाप्टिस्टांमध्ये हे मांडले असते तर १८८५ नंतर वर्षभरही टिकले नसते.

(याच वेळी पंडिता रमाबाई अमेरिकेत फिरत होत्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ निघाले. गावोगावच्या मंडळांनी दहा वर्षे वार्षिक वर्गणी देण्याचे वचन द्यायचे, पैसा बोस्टनच्या विश्वस्तांनी सांभाळायचा, असा तो घाट होता. पंथाशी बांधलेली नसल्यामुळे त्या संस्थेला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. रिचमंडमधल्या स्त्रियांना तशी मोकळीक नव्हती.)

चौथा पर्याय ‘सहायक’ संस्थेचा. घटना आपली, पदाधिकारी आपण निवडलेले, पैसा मात्र आपल्या हातात घ्यायचा नाही. जमवायचा, मोजायचा, नोंदवायचा आणि बोर्डाकडे जाऊ द्यायचा.

निर्णयाचा पहिला टप्पा: लुइव्हिल, १८८७

१८८७ साली कन्व्हेन्शन केंटकीतल्या लुइव्हिलला भरले. तिथे जमलेल्या स्त्रियांनी संघटना काढली नाही, एवढेच त्या दिवशीचे शहाणपण. त्यांनी ठराव केला: प्रत्येक राज्याच्या मध्यवर्ती समितीने पुढच्या वर्षी रिचमंडला तीन प्रतिनिधी पाठवावेत, सर्वसाधारण समिती काढणे योग्य आहे का, हे त्यांनी ठरवावे. मिशनरींची नेमणूक किंवा मिशनकार्याचे संचालन यांत आपल्याला ढवळाढवळ करायची नाही, हेही त्यातच नोंदवले.

याचे दोन फायदे झाले. उपस्थित राहिलेल्या उत्साही स्त्रियांचे काम आता अधिकृत प्रतिनिधींचे झाले. आणि राज्यांना वर्षभर वेळ मिळाला. तोटाही तोच, कारण विरोधकांनाही वर्षभर वेळ मिळाला. लॉटी मून यांचे चीनमधल्या पिंगडूहून लिहिलेले पत्र याच वर्षी डिसेंबरमध्ये बोर्डाच्या मासिकात आले. मेथडिस्ट स्त्रियांप्रमाणे आपणही नाताळच्या आधीचा आठवडा प्रार्थनेसाठी आणि अर्पणासाठी राखून ठेवावा, अशी त्यांची सूचना होती. संघटना अजून जन्मली नव्हती, पण तिचे पहिले काम तयार होते.

दुसरा टप्पा: ११ ते १४ मे १८८८

बारा राज्यांतून ३२ प्रतिनिधी आल्या. कन्व्हेन्शन बाप्टिस्ट चर्चमध्ये भरले होते, स्त्रियांची बैठक ब्रॉड स्ट्रीटवरच्या मेथडिस्ट चर्चच्या तळघरात. शुक्रवारी ११ तारखेला चर्चा सुरू झाली, आणि व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींनी आपल्याला थांबावे लागेल असे सांगितले. त्यांच्या राज्यातले पुढारी पाळक विरोधात होते. ज्या शहरात ही सभा भरली तिथल्याच स्त्रियांचे हात बांधलेले होते. मिसिसिपीचीही तीच गत.

आता प्रश्न असा की एकमत होईपर्यंत थांबायचे का? शुक्रवारीच मत घेतले असते तर फूट उघड झाली असती. आणखी एक वर्ष पुढे ढकलले असते तर विरोधकांना कळले असते की दोन राज्ये अडवली की सगळेच अडते. त्यांनी मधला मार्ग काढला. निर्णय सोमवारपर्यंत लांबवला, प्रत्येक राज्याच्या प्रतिनिधींना आपसांत बोलायला शनिवार-रविवार दिला, आणि सोमवारी १४ तारखेला जी राज्ये तयार होती त्यांच्यासह संघटना स्थापन केली. दहा राज्ये सामील झाली. बाकीच्या दोघांसाठी दार उघडे ठेवले. व्हर्जिनिया पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये आले.

कोणत्याही महासंघाला हा पेच पडतो. इथे उपयोगी पडले ते असे की थांबलेल्या राज्यांवर टीका करणारा एकही शब्द नोंदवला गेला नाही. व्हर्जिनियाच्या स्त्रियांना परत येताना मान खाली घालावी लागली नाही.

घटनेतले ते वाक्य

प्रास्ताविकाचा आशय असा: आम्ही कन्व्हेन्शनशी संलग्न मंडळींमधल्या स्त्रिया, स्त्रियांत आणि मुलांत मिशनची आस्था व दानवृत्ती वाढावी आणि निधी गोळा व्हावा म्हणून, जो निधी कन्व्हेन्शनच्या बोर्डांनी खर्च करायचा आहे, आणि स्वतंत्र कृतीचा कोणताही हेतू नसल्याचे जाहीर करून, ही संघटना स्थापत आहोत.

हे वाक्य तुकडे करून वाचायला हवे. ‘निधी बोर्डांनी खर्च करायचा’ या शब्दांनी तिसरी, न बोललेली भीती संपवली. ‘स्वतंत्र कृतीचा हेतू नाही’ याने पहिल्या दोन. पण ‘ही संघटना स्थापत आहोत’ हे क्रियापद स्त्रियांचे आहे. कन्व्हेन्शनने संघटना स्थापन केली नाही, तिच्या घटनेला मंजुरी दिली नाही, पदाधिकारी नेमले नाहीत. जे सोडले ते मोठ्याने सोडले, जे ठेवले ते गाजावाजा न करता ठेवले.

उद्दिष्टे दोनच होती. राज्य समित्यांमार्फत मिशनविषयक माहिती पोचवणे, आणि जिथे सभा नाहीत तिथे त्या काढायला उत्तेजन देणे, हे पहिले. निधी जमवण्यात स्त्रिया आणि मुलांचे सहकार्य मिळवणे, हे दुसरे. क्रम पाहा: माहिती आधी, पैसा नंतर.

सुरुवातीचे नाव लांबलचक होते: ‘वुमन्स मिशन सोसायटीजची कार्यकारी समिती’. १८९० मध्ये ते ‘वुमन्स मिशनरी युनियन’ झाले, शेपटीला ‘सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनची सहायक’ हे शब्द कायम ठेवून. मॅकिंटॉश अध्यक्ष झाल्या. पत्रव्यवहार सचिवपदी बाल्टिमोरच्या अ‍ॅनी आर्मस्ट्राँग आल्या आणि कार्यालयही बाल्टिमोरलाच ठेवले. जागेची ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. रिचमंड आणि अटलांटा, दोन्ही बोर्डांपासून दूर, आणि मिशन साहित्य छापून वाटणाऱ्या ‘मिशन रूम्स’ बाल्टिमोरमध्ये आधीपासून चालू होत्या. छपाई, टपाल, पत्त्यांच्या याद्या यांची घडी तिथे बसलेली होती.

प्रत्यक्ष काम

कार्यालयाचा, छपाईचा, टपालाचा खर्च बोर्डांनी द्यायचा असे ठरले. युनियनने स्वतः पैसा हाताळायचा नसल्यामुळे हे ओघानेच आले. पैशाची वाट आणि माहितीची वाट वेगळी केली, हीच या यंत्रणेतली किल्ली.

पैसा जायचा असा: गावातली सभा, तिथून मंडळी किंवा राज्याचा खजिनदार, तिथून बोर्ड. माहिती जायची अशी: गावातली सभा, राज्याची मध्यवर्ती समिती, बाल्टिमोर. म्हणजे सभेने पैसे कोणाकडेही भरले तरी किती भरले याचा अहवाल स्त्रियांच्या साखळीतून स्वतंत्र वर यायचा. बोर्डाच्या वहीत नाव मंडळीचे असले तरी बाल्टिमोरच्या वहीत ते स्त्री-सभेचे असे. नोंदीची जुनी अडचण पैशाला हात न लावता सुटली.

यात बिघाड कुठे व्हायचे? अहवाल पाठवणारी सचिव बदलली की साखळी तुटे, कारण पत्ता जुन्या सचिवेचा असे. एकच रक्कम मंडळीच्या आणि सभेच्या, दोन्ही अहवालांत लागण्याचा धोका असे. आणि वस्तूरूप दानाचा मोठा गोंधळ. सीमावर्ती प्रदेशातल्या गरीब मिशनरी कुटुंबांसाठी स्त्रिया कपड्यांच्या, पांघरुणांच्या पेट्या भरून पाठवत. कुटुंबात माणसे किती, मुलांची वये काय, मापे काय, हे आधी मागवून घेत, म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला बापाचा कोट जाऊ नये. पेटीची किंमत मात्र पाठवणारीच ठरवायची. जुन्या शालीचे दोन डॉलर की पाच? अशी किंमत रोख रकमेच्या बेरजेत मिसळली की आकडा फुगतो आणि पुढच्या वर्षीचे लक्ष्य चुकीचे ठरते. पेट्यांचा रकाना वेगळाच ठेवावा लागतो.

पहिली कसोटी १८८८ च्या नाताळची. चीनमध्ये लॉटी मून यांच्या मदतीला दोन स्त्रिया पाठवता याव्यात म्हणून लक्ष्य २,००० डॉलरचे ठरले. आर्मस्ट्राँग यांनी सभांना हाताने पत्रे लिहिली, अर्पणाची पाकिटे गेली, प्रार्थना सप्ताहाचे साहित्य गेले. जमले ३,३१५ डॉलर २६ सेंट. दोनऐवजी तिघी गेल्या.

लक्ष्य कसे ठेवले ते इथे पाहण्यासारखे आहे. ‘चीनच्या कामासाठी सढळ हाताने द्या’ असे आवाहन नव्हते. एक ओळखीचे नाव, एक ठिकाण, दोन माणसे, एक रक्कम, एक आठवडा. गावातल्या सभेला आपले पाच डॉलर कुठे बसतात ते दिसत होते.

आर्मस्ट्राँग यांच्या कामाचा आवाका पत्रांवरून कळतो. १८९३ या एका वर्षात त्यांनी जवळजवळ १८,००० पत्रे पाठवली. पुरुष श्रोते असलेल्या सभेत त्या कधी बोलल्या नाहीत, तसे त्यांचे तत्त्वच होते. अठरा वर्षांत पगार म्हणून एक डॉलरही घेतला नाही.

निष्पत्ती

लगेचचा निकाल वर आलाच. पुढे नाताळचे अर्पण दरवर्षीचे झाले. लॉटी मून २४ डिसेंबर १९१२ रोजी जपानमधल्या कोबे बंदरात, मायदेशी परतताना वारल्या. आर्मस्ट्राँग यांच्या सूचनेवरून १९१८ मध्ये त्या अर्पणाला लॉटी मून यांचे नाव मिळाले. आज ते वर्षाला १५ कोटी डॉलरच्या पुढे जाते.

१९१८ सालीच कन्व्हेन्शनने प्रतिनिधी म्हणून स्त्रियांना दार उघडले. तरी युनियनचा वार्षिक अहवाल पुरुषच वाचून दाखवत. १९२९ च्या मेम्फिस अधिवेशनात अध्यक्ष एथलीन कॉक्स यांनी तो स्वतः मांडला, तेव्हाही हरकत घेतली गेली. स्थापनेनंतर ४१ वर्षांनी. सहायक राहण्याची ही किंमत आहे आणि ती कमी करून सांगण्यात अर्थ नाही: पैसा कसा खर्च व्हावा यावर तो जमवणाऱ्यांना चार दशके उघड व्यासपीठ नव्हते.

ताळेबंदाची दुसरी बाजू अशी. दक्षिणेतल्या मेथडिस्ट स्त्रियांची स्वतंत्र संस्था १९१० मध्ये त्यांच्या चर्चने पुरुषांच्या बोर्डात विलीन केली आणि त्यांना विचारलेही नाही. बोस्टनचे काँग्रिगेशनल ‘वुमन्स बोर्ड’ १९२७ मध्ये विलीन झाले. उत्तरेतल्या बाप्टिस्ट स्त्रियांची परदेशी मिशन संस्था १९५५ मध्ये. या तिन्हींकडे स्वतःची तिजोरी आणि मिशनरी होत्या, म्हणून विलीन करण्याजोगे काहीतरी होते. दक्षिणी बाप्टिस्ट युनियनकडे पत्त्यांच्या याद्या, मासिक, सभांचे जाळे आणि स्वतःची घटना एवढेच होते. कन्व्हेन्शनला ताब्यात घ्यायला तिजोरी नव्हती आणि घटना बदलायचा अधिकार नव्हता. १८८८ च्या स्त्रियांनी हे सगळे ओळखून केले असे म्हणणे जास्तीचे होईल. त्यांनी मिळण्याजोगे तेवढे घेतले, आणि ते टिकाऊ निघाले.

१९०६ चा पेच

घटनेत एक भोक राहिले होते. अध्यक्ष एका राज्यात, सचिव आणि कार्यालय बाल्टिमोरला. काम पत्रांनी चाले, त्यामुळे पत्रे जिच्या हाती तिच्याच हाती संघटना. फॅनी हेक अध्यक्ष असताना, १८९० च्या दशकाच्या अखेरीला, अध्यक्षांचे अधिकार कोणते आणि सचिवांचे कोणते, यावर त्यांचे आणि आर्मस्ट्राँग यांचे कडाक्याचे भांडण झाले. १८९९ मध्ये हेक बाजूला झाल्या.

मग प्रशिक्षण शाळेचा प्रश्न आला. लुइव्हिलच्या बाप्टिस्ट सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या संस्थेत) काही तरुण स्त्रिया वर्गांना बसू लागल्या होत्या आणि १९०४ पासून स्थानिक स्त्रियांनी त्यांच्या राहण्याची सोय केली होती. युनियनने ती शाळा आपली म्हणून चालवावी, अशी मागणी वाढत गेली. आर्मस्ट्राँग यांचा ठाम विरोध होता. बहुमत दुसऱ्या बाजूला वळले आणि १९०६ मध्ये त्या पदावरून गेल्या. हेक पुन्हा अध्यक्ष झाल्या. शाळा १९०७ मध्ये सुरू झाली. आर्मस्ट्राँग १९३८ पर्यंत बाल्टिमोरमध्येच होत्या, पण युनियनच्या कामात परतल्या नाहीत.

विनावेतन सचिव हा वरवर संस्थेचा फायदा. प्रत्यक्षात अठरा वर्षे पगार न घेणाऱ्या व्यक्तीला कामाची चौकट आखून देणे, तिच्या कामाचा आढावा घेणे, किंवा आता पुरे म्हणणे कोणालाच जमत नाही. उत्तराधिकारी तयार होत नाही, कारण पगाराशिवाय एवढे काम करू शकेल अशी दुसरी सधन, मोकळी स्त्री सापडणे कठीण.

वेगळे काय करता आले असते

अध्यक्ष आणि सचिव यांच्या कामाची वाटणी १८८८ च्या घटनेत लेखी हवी होती: बोर्डाशी पत्रव्यवहार कोणी करायचा, त्याची प्रत कोणाला जायची, नव्या कामाचा होकार कोण देणार. सचिवपदाला पहिल्यापासून पगार हवा होता, अगदी त्या व्यक्तीने तो घेऊन परत दान केला असता तरीही. आणि मुदत हवी होती. वार्षिक निवडणूक होती खरी, पण पत्त्यांची वही एकाच टेबलावर असेल तर निवडणूक नावापुरती उरते.

बोर्डाने खर्च करायचा, हे कबूल करतानाच नाताळच्या अर्पणाचा विनियोग कसा झाला याचा लेखी हिशेब दरवर्षी युनियनला मिळेल, अशी एक ओळ घालता आली असती. १८८८ मध्ये ही मागणी पुरुषांना डाचली नसती, कारण हिशेब मागणे म्हणजे अधिकार मागणे नव्हे. पुढे तीच ओळ पायरी झाली असती.

शाळेबाबत आर्मस्ट्राँग यांची भीती अगदीच निराधार नव्हती. इमारत, वसतिगृह, शिक्षकांचे पगार आले की सहायक संस्थेलाही ताब्यात घेण्याजोगे काहीतरी येते. तसेच घडले. १९५३ मध्ये ‘कार्व्हर स्कूल’ असे नाव घेतलेली ती शाळा युनियनने १९५७ मध्ये कन्व्हेन्शनकडे सोपवली आणि १९६३ मध्ये ती सेमिनरीत विलीन झाली.

उलट बाजूचे उदाहरण रिचमंडमधलेच आहे. १९०० साली कृष्णवर्णीय बाप्टिस्ट स्त्रियांनी त्याच शहरात आपल्या नॅशनल बाप्टिस्ट कन्व्हेन्शनची सहायक ‘वुमन्स कन्व्हेन्शन’ स्थापन केली. त्यांच्या सचिव नॅनी हेलन बरोज यांनी पहिल्याच वर्षी २२,१२५ मैल प्रवास करून २१५ भाषणे दिली आणि ९,२३५ पत्रे लिहिली. १९०९ मध्ये वॉशिंग्टनला त्यांची मुलींची प्रशिक्षण शाळा उघडली. तिची सनद मात्र स्वतंत्र विश्वस्त मंडळाच्या नावे होती, कन्व्हेन्शनच्या नाही. त्यावरून पुरुष नेतृत्वाशी वर्षानुवर्षे वाद चालला, १९३८ मध्ये कन्व्हेन्शनने शाळेचा पाठिंबाच काढून घेतला. पैशाचे हाल झाले. पण जमिनीचा कागद विश्वस्तांच्या नावावर होता, त्यामुळे बरोज १९६१ मध्ये वारल्या तोपर्यंत शाळा त्यांच्याच हाती राहिली.